मुलांचा रक्तदाब आणि डोळ्यातील गाठ

रक्तदाब हा शब्द आपल्या घरांतून उच्चारला जातो तो आजी-आजोबांच्या संदर्भात. आठ वर्षांच्या मुलाचे डोके वरचेवर दुखू लागले की आपण प्रथम चष्म्याचा, मग पित्ताचा आणि अखेर शाळा चुकविण्याच्या युक्तीचा संशय घेतो. दंडाला पट्टा बांधून पाहावा, हे मनात येत नाही. डॉक्टरांच्याही मनात ते पुष्कळदा येत नाही, असे खेदाने म्हणावे लागते. वास्तविक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात तीन वर्षांपासून पुढे प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा, असे सांगितले आहे.

मोजण्याची रीत मात्र निराळी. मोठ्यांचा १२०/८० हा आकडा लहानांना लावता येत नाही; वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून कोष्टकावरून निर्णय करावा लागतो. पट्टाही मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. तो अरुंद असला तर आकडा उगाच चढा दिसतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये. तीन वेगवेगळ्या भेटींत तसाच आढळला तर पुढचा शोध घ्यावा. मूल जितके लहान आणि आकडा जितका चढा, तितका त्यामागे दुसरा आजार, बहुधा मूत्रपिंडाचा, असण्याचा संभव अधिक.

या कारणांपैकी एक अतिशय विरळा, सुमारे छत्तीस हजारांत एकाला होणारा आजार वैद्यकाला कळला तो डोळ्याच्या वाटेने. जर्मन नेत्रविशारद फॉन हिप्पेल यांनी १९०४ साली दृष्टिपटलावर होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या लालसर गाठींचे वर्णन केले. १९२६ साली स्वीडनच्या लिंडाऊ यांनी अशाच गाठी लहान मेंदूतही होतात व दोहोंचे मूळ एकच आहे, हे दाखविले. या दोघांच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. काही कुळांत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतही गाठ होते. ती ॲड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात सोडते. मूल एकाएकी घामाघूम होते, छाती धडधडते, डोके ठणकते, रक्तदाब भडकतो आणि थोड्या वेळाने सारे शांत! मग कोणाचा विश्वास बसावा? शस्त्रक्रियेने ही गाठ काढता येते. मात्र आधी औषधे देऊन रक्तदाब आवरावा लागतो.

डोळ्यातील गाठ तर दुखतही नाही. एक डोळा चांगला असला की दुसरा मंदावल्याचे मुलाला उमगत नाही. गाठ लहान असताना लेसरने किंवा गोठवून नष्ट करता येते. वाढून पाझरू लागली तर दृष्टिपटल सुटून दृष्टी जाते.

या रोगाचे जनुक १९९३ साली तिसऱ्या गुणसूत्रावर सापडले. ते बिघडले की पेशींना भरपूर प्राणवायू मिळत असूनही तो अपुरा असल्यासारख्या त्या वागतात व नव्या रक्तवाहिन्या मागवीत राहतात. पेशींना प्राणवायूची कमी-जास्त मात्रा कशी कळते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेंझा या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केलिन यांचे संशोधन याच दुर्मिळ रोगापासून सुरू झाले होते. त्या ज्ञानावर बेतलेल्या बेल्झुटिफान या औषधाला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही प्रौढ रुग्णांसाठी.

आईवडिलांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. आपल्या घराण्यांतून वंशावळी हौसेने जपलेल्या असतात. पण कोणाचा डोळा कोणत्या वयात गेला, कोण ऐन तारुण्यात मेंदूच्या गाठीने दगावले, हे त्यांत नसते. ते वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. कुटुंबात रोग निश्चित झालेला असेल, तर मुलांच्या डोळ्यांची तपासणी पहिल्या वाढदिवसाच्या आतच सुरू करतात, आणि रक्तदाब दुसऱ्या वर्षापासून दरसाल पाहतात. कुटुंबातील जनुकदोष नेमका ठाऊक असल्यास रक्ताच्या चाचणीने तो मुलात आहे की नाही हे कळते. ज्याच्यात नसेल त्याला या वार्षिक फेऱ्यांतून कायमची सुटका मिळते.