विश्लेषण : बोंडअळी कायमची, अनुदान तीन वर्षांचे… कीड संशोधनाला पैसा येतो कोठून?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीला रोखणारे ‘बीटी’ तंत्रज्ञान निष्प्रभ ठरू लागल्याला दशक उलटून गेले. या काळात कृषी संशोधनासाठी निधी देणाऱ्या योजना कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. तरीही विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला दर हंगामात डोमकळ्या मोजाव्याच लागतात. पैसा आहे, संस्था आहेत, शास्त्रज्ञही आहेत. मग घोडे अडते कोठे?

ही कीड नेमकी किती जुनी?

भडोच परिसरातील कपाशीवरून गोळा केलेल्या नमुन्यांच्या आधारे १८४३ मध्ये या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षांची ही ओळख. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले आणि काही वर्षे बोंडअळीचा विसर पडला. २०१० मध्ये मोन्सँटो कंपनीनेच गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीला ही अळी जुमानत नसल्याचे जाहीर केले. पुढे तिने ‘बोलगार्ड-२’लाही दाद दिली नाही आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात हाहाकार उडाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

कारणे एव्हाना सर्वपरिचित आहेत. बीटीच्या भोवती बिगरबीटी कपाशीचे आश्रयपट्टे लावायचे होते, ते बहुतेकांनी लावले नाहीत. लांब मुदतीच्या संकरित वाणांनी शेत भरले. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन फरदड घेतली गेली आणि अळीला जवळपास वर्षभर खाद्य मिळाले. एकदा ती बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे यावरचा उपाय औषधाच्या बाटलीत कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. हंगामपूर्व पेरणी टाळणे, कमी कालावधीचे वाण, कामगंध सापळे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, पऱ्हाटीचे ढीग बांधावर न ठेवणे हे ते वेळापत्रक.

उपाय माहीत आहेत, मग संशोधन कशासाठी?

कारण कीड बदलत राहते. कोणत्या तालुक्यातील अळी कोणत्या प्रथिनाला किंवा कीटकनाशकाला किती प्रतिकार करते, हे दरवर्षी प्रयोगशाळेत तपासावे लागते. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुले-बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, की फवारणीचा निर्णय घ्यावा, असे सांगितले जाते. ही आर्थिक नुकसानीची पातळी वाण आणि हवामान बदलले की पुन्हा तपासावी लागते. नर पतंगाला मादीच्या गंधाने भुलवून मीलनच रोखण्याचे तंत्र चांगले आहे. पण ते एकट्यादुकट्या शेतात चालत नाही, कारण शेजारच्या रानातून मीलन झालेली मादी उडत येते. गावाने मिळून ते कसे राबवायचे, हाही संशोधनाचाच विषय.

यातले बहुतेक काही पिशवीत भरून विकता येत नाही. पेरणीची तारीख कोणती कंपनी विकणार? म्हणूनच या कामाला सार्वजनिक पैसाच लागतो. पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण बोलके आहे. २००८ मध्ये कोइमतूरजवळ आढळलेली ही परदेशी कीड बघता बघता महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. २०१० मध्ये बेंगळूरुच्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने प्युर्टो रिकोतून तिचे परोपजीवी मित्रकीटक आणले, वाढवले, सोडले आणि कीड आटोक्यात आली. शेतकऱ्याला खरेदी करण्यासारखे त्यात काही उरलेच नाही. बाजाराच्या दृष्टीने हा तोट्याचा धंदा, देशाच्या दृष्टीने मात्र फायद्याचा. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात कृषी संशोधनावरील एका रुपयातून १३.८५ रुपयांचा परतावा मिळतो, असे नमूद आहे. २०२२-२३ मध्ये देशात या कामी १९.६५ हजार कोटी रुपये खर्च झाले, असेही तोच अहवाल सांगतो.

सध्या निधी मिळतो कोठून?

पहिला आणि मोठा दाता म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषद, अर्थात आयसीएआर. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था तिचीच. कृषी विद्यापीठांना पैसा मिळतो तो मुख्यतः अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतून. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. स्पर्धात्मक पद्धतीने प्रकल्प मागवणारा राष्ट्रीय कृषी विज्ञान निधीही आयसीएआरचाच आहे.

दुसरा मार्ग अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा. २०२३ च्या कायद्याने आलेल्या या संस्थेसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातील सुमारे ३६ हजार कोटी बिगरसरकारी मार्गाने यावेत, अशी अपेक्षा आहे. तरुण प्राध्यापक-संशोधकांसाठी तिची तीन वर्षांची, ६० लाखांपर्यंतची योजना आहे. अकोला किंवा परभणीच्या विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ तिथे अर्ज करू शकतो, पण त्याची स्पर्धा भौतिकशास्त्रापासून संगणकशास्त्रापर्यंत सगळ्यांशी होते. शेतात तीन हंगाम सापळे लावून जमवलेली आकडेवारी अशा रांगेत फारशी चमकत नाही.

नवउद्योगांसाठी दरवाजे अधिक उघडे आहेत. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून कल्पनेच्या टप्प्यावर पाच लाख आणि त्यापुढे २५ लाखांपर्यंत मदत मिळते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’कडून दीड वर्षासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. शेतकरी उत्पादक कंपन्या व संस्थांना प्रात्यक्षिकांसाठी नाबार्डच्या कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधीचा पर्याय आहे. गेल्या वर्षी मंजूर झालेल्या, म्हणजे जुलै २०२५ मधील एक लाख कोटींच्या संशोधन-विकास-नवोन्मेष योजनेचा बराच गाजावाजा झाला. मात्र ती अनुदानाची योजना नाही. तिचा भर खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज आणि भांडवल देण्यावर आहे. बोंडअळीच्या सर्वेक्षणाला तिथून काही मिळेल, अशी आशा करण्यात अर्थ नाही.

अडचण रकमेची की मुदतीची?

दोन्हीची, पण मुदतीची जास्त. आयसीएआर आणि विद्यापीठांच्या तरतुदीचा मोठा हिस्सा वेतन, निवृत्तिवेतन आणि आस्थापनेवर जातो. प्रत्यक्ष प्रयोगासाठी उरते ते थोडके. ते थोडकेही तीन वर्षांच्या तुकड्यांत आणि ३१ मार्चच्या टाचेखाली येते. कपाशीचा हंगाम जूनला सुरू होतो, बोंडअळीचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. मंजुरी दिवाळीनंतर आली तर पहिले वर्ष कागदावर संपते. दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देतो. तिसऱ्या वर्षी हाती काही लागते तोवर प्रकल्प सहायकाचा करार संपलेला असतो. तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे अनेकदा दीड हंगाम, हे कृषी विद्यापीठांच्या आवारात कोणीही सांगेल.

दुसरी गोष्ट ‘नावीन्या’ची. अर्जात नवीन काय, हा पहिला प्रश्न असतो. तेच सापळे त्याच गावांत सलग पंधरा वर्षे लावणे नवीन नसते. वास्तविक कीडशास्त्रात सर्वांत मोलाचे तेच. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सापळा निधी पटकन मिळवतो. नागपूरच्या संस्थेने तसा सापळा तयार केला आहे आणि तो उपयोगीही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही याच वळणाची. पण सापळ्याने पाठवलेल्या आकड्याचा अर्थ लावायला मागच्या दहा वर्षांचे आकडे हाताशी हवेत.

महाराष्ट्राकडे या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केल्यावर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. गावोगावी ठरावीक शेतांत निरीक्षणे घ्यायची, ती संगणकावर भरायची, शास्त्रज्ञांनी सल्ला द्यायचा आणि तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचा, अशी त्याची रचना. देशभर नावाजलेला हा प्रकल्प उभा राहिला तो राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या पैशावर. त्या योजनेत आधी सगळा पैसा केंद्र देत असे. २०१५-१६ पासून केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असे गणित झाले. शिवाय कोणत्या प्रकल्पाला पैसा द्यायचा, हे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. तिच्यासमोर यंत्रे, गोदामे, सूक्ष्म सिंचन अशी दिसणारी कामेही असतात. कीड आली नाही तर सर्वेक्षणाची गरज काय, असे वाटते. आली तर सर्वेक्षणाचा उपयोग काय झाला, असे विचारले जाते.

याची किंमत किती, याचा अंदाज २०१७ वरून यावा. तेव्हा राज्य सरकारने कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांच्या मदतीची घोषणा केली होती. आपत्ती निधीतून ६,८००, विम्यातून ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,००० अशी तिची फोड होती. कंपन्यांच्या वाट्याचा भाग वादात अडकला, तो वेगळा विषय. या दराने केवळ एक लाख हेक्टरचा हिशेब ३०८ कोटींवर जातो. राज्यातील कपाशीचे क्षेत्र ४० लाख हेक्टरांच्या आसपास असते. याउलट २०२३-२४ मध्ये सुरू झालेल्या, आठ राज्यांत सघन लागवडीसारख्या तंत्रांची प्रात्यक्षिके घेणाऱ्या केंद्राच्या विशेष कापूस प्रकल्पाची तरतूद होती ४१.८७ कोटी.

अमेरिकेने ही कीड कशी संपवली?

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला कापूसपट्टा गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले. ही कीड तिथे शिरली होती १९१७ मध्ये, टेक्सासमधून. बीटी कापूस, गंधाद्वारे मीलनात अडथळा, शेतातील अवशेष नष्ट करणे आणि प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणे असे सगळे एकत्र राबवले गेले. सोडलेल्या वंध्य पतंगांची संख्या ११ अब्जांहून अधिक होती. लक्षात घेण्याजोगी बाब पैशाची. या कार्यक्रमाचा ८० टक्के खर्च कापूस उत्पादकांनीच उचलला, असे तिथल्या कृषी खात्याने नोंदवले आहे. ॲरिझोनात तर उत्पादकांनी मतदान घेऊन स्वतःवर वर्गणी बसवून घेतली. पैसा त्यांचा असल्याने हिशेब मागणारेही तेच होते आणि काम अर्ध्यावर सोडण्याची सोय कोणाला नव्हती.

शेकडो एकरांच्या मालकाला परवडणारी वर्गणी दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर लादा, असे कोणी म्हणणार नाही. वंध्य पतंगांचा प्रयोगही आपल्याकडील विस्तारात आणि आजच्या प्रादुर्भावात तसाच्या तसा उचलता येणार नाही. उचलण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे पिकातून येणारा, त्याच पिकासाठी राखलेला आणि मार्चअखेर न आटणारा पैसा.

भारतात अशी सोय कधी होती का?

होती, तीही मुंबईतून चालणारी. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला स्वतःचे उत्पन्न मिळाले. देशातील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या आणि निर्यात होणाऱ्या कापसावर हा उपकर होता. म्हणजे वसुली शेतकऱ्याच्या बांधावर नव्हे, गिरणीच्या आणि बंदराच्या दारात. त्या पैशातून इंदूरची वनस्पती उद्योग संस्था उभी राहिली. माटुंग्याची तंत्रज्ञान प्रयोगशाळाही त्याच पैशातली, आजची ‘सिरकॉट’. साठच्या दशकाच्या मध्यात पीकवार समित्या मोडीत निघाल्या आणि त्यांच्या संस्था आयसीएआरकडे गेल्या. १९४० च्या कायद्यानुसार काही शेतमालाच्या निर्यातीवर उपकर होता, त्यातून आयसीएआर विद्यापीठांना छोट्या प्रकल्पांसाठी अनुदान देत असे. तोही २००६ मध्ये रद्द झाला.

देशात वर्षाला सुमारे ३०० लाख गाठी कापूस होतो. एका गाठीची किंमत २५ हजारांच्या घरात. गाठीमागे दहा रुपये घेतले तरी वर्षाला ३० कोटी जमतात. ही रक्कम फार मोठी नाही, पण ती दरवर्षी येईल. उपकराबद्दलचा जुना आक्षेप इथेही लागू आहे. गोळा एका नावाने होतो, खर्च दुसऱ्याच कामी. त्यामुळे स्वतंत्र मंडळ आणि त्यावर उत्पादकांचे प्रतिनिधी, एवढी अट असल्याशिवाय या वाटेने जाण्यात हशील नाही. जिनिंग व्यावसायिक आणि गिरण्या आधीच मंदीची तक्रार करतात, त्यांचा विरोधही गृहीत धरावा लागेल.

कापूस अभियानाकडून काय अपेक्षा?

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात कापसाची उत्पादकता वाढवण्यासाठी पाच वर्षांच्या अभियानाची घोषणा झाली. लांब धाग्याच्या वाणांवर त्याचा भर आहे. लांब धाग्याचे वाण सहसा शेतात जास्त दिवस राहतात आणि जास्त दिवस राहणारी कपाशी बोंडअळीला मानवते. त्यामुळे या अभियानाच्या खर्चात कीड प्रतिकारक्षमतेच्या वार्षिक तपासणीसाठी वेगळे लेखाशीर्ष ठेवले आहे का, हे पाहावे लागेल. तसेच क्रॉपसॅपसारख्या सर्वेक्षणाला एका हंगामापुरते नव्हे तर पाचही वर्षे मनुष्यबळ मिळते का, हेही. विद्यापीठांच्या दृष्टीने आणखी एक साधी मागणी आहे. खरिपाच्या प्रकल्पांना मे महिन्यापूर्वी मंजुरी द्यावी आणि अखर्चित रक्कम पुढच्या हंगामात वापरू द्यावी. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही.