नाका आता खिशात आला



दारव्हा तालुक्यात ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना कापूस एकाधिकार खरेदी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पण आज मोबाईल हातात घेऊन जी पोरे बांधावर उभी राहतात आणि पऱ्हाटीचा फोटो काढून सरकारकडे पाठवतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा जन्म ती योजना मोडल्यानंतरचा. त्यांच्यासाठी जुनी गोष्ट आधी सांगतो.

१९७१ साली महाराष्ट्र सरकारने कायदा केला आणि १९७२ पासून राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा असे ठरले. व्यापारी लुटतो, म्हणून सरकार शेतकऱ्याच्या बाजूने बाजारात उतरत आहे, असे सांगण्यात आले. आपल्याच बापजाद्यांनी तेव्हा त्याचे स्वागत केले हे कबूल करायला हवे. व्यापाऱ्याच्या काट्याचा अनुभव कोणाला नव्हता? पण 'आम्हीही घेऊ' आणि 'फक्त आम्हीच घेऊ' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते पुढच्या तीस वर्षांत कळले. खरेदी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागे. दोन-दोन रात्री बैलांसकट तिथेच काढायच्या. ग्रेडर बंडीतून मूठभर कापूस उपसायचा, नाक मुरडायचा आणि ग्रेड पाडायचा. चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा. त्यातून सोसायटीचे कर्ज परस्पर कापलेले असायचे, वर भांडवल निधीच्या नावाने आणखी कपात. आपल्या मालाचे पैसे आपल्या हातात पडण्याआधी त्यावरून सगळ्यांचा हात फिरून गेलेला असे.

आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजारात चार पैसे जास्त मिळत असले तर? न्यायचा नाही. सरहद्दीवर नाके बसले. घाटंजी, पांढरकवडा, झरीकडचा कास्तकार आपल्याच वावरातला, आपल्याच बायकापोरांनी वेचलेला कापूस रात्रीच्या अंधारात चोरासारखा नदीपार नेत असे. डिसेंबर १९८६ मध्ये कापसाच्या आंदोलनात तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि तीन शेतकरी मेले. घामाचा भाव मागण्यापलीकडे त्यांनी काही केले नव्हते. शेवटी योजना हजारो कोटींच्या तोट्यात बुडाली आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला मोकळीक मिळाली. ज्या खुर्च्यांवरून ती योजना चालली त्या खुर्च्यांना मात्र धक्का लागला नाही.

नाके उठले तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो. आमची चूक झाली.

आता नवे काय ते पहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी पेरा लिहिण्याचे काम तलाठ्याचे होते, त्याचा पगार तो घेत होता. आता ते काम बिनपगारी आपल्याकडे आले. वावरात उभे राहायचे, रेंज शोधायची, फोटो काढायचा. नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीक नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नाही तर डोळ्यांसमोर उभी असलेली पऱ्हाटी सरकारच्या लेखी उगवलीच नाही. मग ॲग्रिस्टॅक आले. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांचा लाभ हवा तर शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्या एका क्रमांकाला आधार, जमीन, पीक, बँक सगळे जोडायचे. त्याच वर्षीच्या हंगामात भारतीय कापूस निगमला हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करा, मग तारीख घ्या, मगच गाडी भरा, असा हुकूम निघाला.

एकेक गोष्ट सुटी पाहिली तर सोयीची वाटते. नोंदणी केली तर काय बिघडले, असे चांगली शिकलेली माणसेही विचारतात. आम्ही त्यांना एकच विचारतो: नोंदणी केली नाही तर काय होईल? जिचे उत्तर 'काही नाही' असे असते ती सोय. जिचे उत्तर 'माल विकता येणार नाही, भरपाई मिळणार नाही' असे असते तो नाका. पूर्वीचा नाका पैनगंगेच्या काठावर होता, रात्र पाहून चुकवता येत होता. हा नाका आपण आपल्या पैशाने विकत घेतला, खिशात घेऊन हिंडतो आणि दर महिन्याला त्यात रिचार्ज भरतो.

दारव्ह्याच्या बाजारात एखाद्या सोमवारी नोंदणीच्या टेबलाजवळ तासभर उभे राहून पहा. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षे डवरे धरून, कापूस वेचून अंगठ्यावरच्या रेषाच राहिल्या नाहीत. पोरगा म्हणाला, पुन्हा लावा. सात वेळा लावला. शेवटी म्हातारा म्हणाला, बाबा, या अंगठ्यानं सावकाराच्या कागदावर सही झाली, सोसायटीच्या कागदावर झाली, कर्ज देताना कोणाले अडचण आली नाही, आता माल विकताना कशी आली? टेबलामागच्या पोराचा यात दोष नव्हता, तो गप्प बसला. दुसऱ्या एका बाईचा सातबारा अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर आहे. फेरफार झालेला नाही, दिरांची सही नाही. वावर ती वाहते, फवारणी ती करते, पण ती शेतकरी नाही. आणि मक्त्याने, बटईने वाहणाऱ्यांचे काय? त्यांचे नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही. जमीन शहरात नोकरी करणाऱ्याच्या नावावर, ओळख क्रमांकही त्याचा, आणि घाम भलत्याचाच.

आता खाजगीपणाची गोष्ट. हा शब्द आपल्या सभांमधून फारसा निघत नाही. शहरातल्या वकिलांचा तो विषय आहे असे आपण समजतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. शेतकरी त्या नागरिकांत येतो की नाही? दारव्ह्यातल्या एखाद्या कापड दुकानदाराला विचारून पहा, तुझ्यावर बँकेचे किती कर्ज आहे? तो हाकलून देईल, आणि बरोबरच करील. पण आपला सातबारा कोणीही काढतो. इतर हक्काच्या रकान्यात कोणत्या बँकेचा किती बोजा आहे, बहिणीने हक्क सोडला की नाही, विहीर सामायिक आहे की कशी, सगळे गावाला वाचायला मोकळे. २०१७ च्या कर्जमाफीत नवरा-बायकोने जोडीने अर्ज भरला. २०२० च्या कर्जमुक्तीत कर्जदारांच्या याद्या ग्रामपंचायतीत आणि बँकांत लागल्या. ज्यांची नावे त्या यादीत होती त्यांच्या घरी लग्नाचे बोलणे चालू असेल तर काय झाले असेल, याचा विचार मंत्रालयात कोणी केला नसावा. मोठ्या कारखानदाराची कर्जे बँका निर्लेखित करतात तेव्हा ग्राहकाची माहिती गुप्त असते म्हणतात. गुप्तता ही मोठ्या कर्जाबरोबर मिळणारी सवलत आहे असे दिसते.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. खाजगी कंपनीने चूक केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड. पण सरकार जेव्हा अनुदान, दाखला, परवाना देण्यासाठी तुमची माहिती वापरते, तेव्हा तुमची संमती नव्याने विचारण्याच्या बंधनातून त्याला वाट काढून दिलेली आहे. शेतकऱ्याच्या माहितीचा मोठा भाग याच वाटेने जातो. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने सहा राज्यांतल्या शंभर गावांसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीबरोबर करार केला. त्या गावांतल्या शेतकऱ्याला कोणी विचारायला गेले होते का? विदर्भ त्यात नव्हता, एवढेच.

पण आमचा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. सरकारला पेऱ्याची, उताऱ्याची, साठ्याची माहिती हवी असते ती कशासाठी? आमचा भाव वाढवायला तिचा उपयोग झालेला आम्ही पाहिलेला नाही. पाडायला झालेला पाहिला आहे. जून २०२३ मध्ये तुरीचे भाव चढू लागताच केंद्राने तूर-उडदावर साठ्याची मर्यादा घातली आणि व्यापाऱ्यांना साठा सरकारी पोर्टलवर जाहीर करायला लावला. व्यापारी घाबरला, खरेदी थांबली, तूर कोणाची पडली? २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि मग मुदतीवर मुदत वाढवत नेली. पुढच्या महिन्यांचा भाव पाहून माल ठेवायचा की विकायचा हे ठरवण्याची जी एक खिडकी होती ती बुजवली. म्हणजे सरकारला आपल्या वावरातले सगळे दिसले पाहिजे, पण आपल्याला बाजारातले काही दिसता कामा नये. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा ज्याच्या हातात आहे, त्याच्याच हातात उद्या प्रत्येक गटातला पेरा आणि उतारा असेल, तर त्या कायद्याचा फास किती नेमका बसेल ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि हे कायदे न्यायालयात का टिकतात? १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडले. तेरा कायद्यांनी सुरुवात झाली, आज त्यात २८४ आहेत, आणि त्यांतले बहुतेक जमिनीचे. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू जमीनदारी मोडण्याचा होता असे म्हणतात. जमीनदारी कधीच मोडली, परिशिष्ट राहिले. इतरांना न्यायालयाचा जो दरवाजा मोकळा असतो तो आपल्यासाठी अर्धवटच उघडतो.

२०२५ सालची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९ ऑगस्ट रोजी केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याचा काळ. गैरसमज नको, परदेशी कापूस येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आम्ही खुल्या बाजाराची माणसे आहोत. आमचे म्हणणे एवढेच की मोकळीक दोन्हीकडे हवी. अमेरिकेच्या, ब्राझीलच्या शेतकऱ्याला मुंबई बंदरात माल उतरवताना कोणी ओळख क्रमांक विचारला नाही, अंगठा मागितला नाही. दारव्ह्याच्या कास्तकाराला मात्र आपल्याच तालुक्यात विकायला ॲप, ओटीपी आणि तारीख. तिकडचा शेतकरी तणनाशक सहन करणारे बियाणे पेरतो. तसेच बियाणे जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला आपल्या लोकांनी उघडपणे पेरले तेव्हा गुन्हे दाखल झाले. त्या बियाण्याच्या कापसाची गाठ बोटीतून आली तर ती माल, वावरात उगवली तर गुन्हा.

आमची शकुंतला गाडी इंग्रजाच्या कंपनीने घातली ती कापसासाठीच. दारव्हा मोतीबागेवरून मूर्तिजापूर, तिथून मुंबई, तिथून विलायत. गोऱ्या साहेबाने आपल्याला लुटले यात शंका नाही, साऱ्यासाठी इंच न् इंच जमीनही मोजली. पण गाडीत गाठ चढवताना त्याला वजनाशी मतलब होता. घरात माणसे किती आणि खाते कोणत्या बँकेत, हे त्याने विचारले नाही.

कोणी म्हणेल, नोंदणी नसेल तर व्यापारीच शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आपला माल निगमला घालतात. घालतात, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, आणि कधी कधी सातबारा देणारा आपलाच भाऊ असतो. मग ज्याने घातला आणि ज्याने घेतला त्यांना खरेदी केंद्रावर पकडा. चार चोरांसाठी गावातल्या प्रत्येक घराची किल्ली ठाणेदाराकडे जमा करत नाहीत. दुसरे कोणी म्हणेल, सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार थेट खात्यात येतात ते याच नोंदींमुळे. येतात. ज्याला ते घ्यायचे आहेत त्याने नोंद जरूर करावी, आम्ही कोणाचा हात धरत नाही. पण सहा हजार घेणे वेगळे आणि माल विकण्याची परवानगी मागणे वेगळे. या दोन्ही गोष्टी एकाच क्रमांकाला बांधल्या, यालाच आमचा विरोध आहे.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने काही कागद गोळा करून आणावेत. ज्यांचा अंगठा जुळला नाही त्यांची नावे. पीक वावरात असून पाहणीत नोंद न लागलेल्यांचे गट नंबर. नोंदणी असूनही तारीख न मिळाल्याने कापूस पडत्या भावात गावातच घालावा लागला असेल त्यांच्या विक्रीच्या पावत्या. मक्तेदार आणि बटईदारांची यादी वेगळी करावी. ज्या बायाबापड्यांचे नाव सातबाऱ्यावर लागलेले नाही त्यांची आणखी वेगळी. या याद्या आपल्या हाताने, कागदावर, ज्याची त्याची संमती विचारून लिहाव्यात. ज्याला नाव द्यायचे नसेल त्याचे लिहू नये. तहसील कार्यालयात जायचे ठरले तर हेच कागद घेऊन जाऊ, आणि तिथल्या साहेबाला आधी विचारू की नोंदणीशिवाय माल घेणार नाही असे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिले आहे, ते आम्हाला लेखी द्या.