पिल्लाचा खोका ही कोठडी नव्हे



शाळेला सुट्टी लागली की वस्तीतली मुले एखादे पिल्लू छातीशी धरून घरी येतात आणि "आई, ठेवूया ना" म्हणून मागे लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच पाच माणसे! तरी पोरांचे डोळे पाहून आपण हो म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी हेच झाले आणि माझ्या हातून मोठी चूक घडली.

हे दिवसपाळीला, मी कामावर, मुले मामाकडे गेलेली. पिल्लू घरभर घाण करील म्हणून मी त्याला फळांच्या लाकडी पेटीत ठेवले, वर पाट आणि पाटावर वरवंटा. संध्याकाळी कुलूप उघडले तर नाकाचे कातडे सोललेले, एका नखातून रक्त, अंग स्वतःच्याच घाणीने माखलेले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "दिवसभर रडत होतं गं. त्यापेक्षा मंडईत सोडून ये." धाकटी परत आल्यावर तिने ते नाक पाहिले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रोज वंदनेत पहिले शील घेणारी मी, मलाच माझी लाज वाटली.

सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा फार तर तीन तास लघवी धरते. तुम्ही त्याला नऊ तास कोंडलेत." खोक्याला त्यांची ना नव्हती. कुत्र्याला अंग टेकायला आडोसा आवडतो आणि आपल्या झोपायच्या जागी घाण करणे त्याला नको असते. पैसेवाले लोक यासाठी दुकानातून लोखंडी पिंजरा आणतात, त्याला क्रेट म्हणतात. आपल्याला लाकडी पेटी पुरते.

पेटीचे खिळे काढून कुसळे घासून घ्यावीत. आत पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. फार मोठी पेटी नको, नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्यात घाण करते. पत्र्याचा डबा तर नकोच, तो तापतो. पेटी आडवी ठेवून आत गोणपाट व जुन्या लुगड्याचा तुकडा घालावा. पहिले चार-पाच दिवस तोंड उघडेच ठेवून खाणे आत द्यावे. ते आपणहून आत-बाहेर करू लागले की खाताना मिनिटभर फळी लावावी, जवळ बसावे, मग पाच मिनिटे, मग दहा. आमच्या पिल्लाला पेटीची इतकी धास्ती बसली होती की पहिल्या घासाला आठवडा लागला. शिक्षा म्हणून कधीही आत टाकू नये. रात्री पेटी आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावी आणि एक-दोनदा उठून त्याला बाहेर काढावे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे. घाण केली म्हणून मारू नये की त्यात नाक घासू नये, त्याने ते फक्त लपून करायला शिकते. साबणपाण्याने पुसावे. फिनाईल नको, पिल्लू फरशी चाटते.

मोरीजवळ कागद अंथरायचा तर आधी नीट पाहून घ्यावा. आपल्या घरी याच साप्ताहिकाचे जुने अंक असतात आणि त्यात बाबासाहेबांचे छायाचित्र असतेच! बाबासाहेबांनाही कुत्र्यांचा लळा होता बरे का. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रात माता रमाईंबरोबर त्यांचा टॉबी कुत्राही आहे.

आईचे दूध पिणारे पिल्लू उचलून आणू नये, निदान दीड-दोन महिन्यांचे होऊ द्यावे. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात. त्या पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला खाली सोडू नये. उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तीन महिन्यांनी रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. आणि लहान पिल्लाचा दात किंवा ओरखडा लागून रक्त आले तरी हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन सरकारी इस्पितळात जा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून लस आधीच घ्यायची.

मावशींचा सल्ला मी ऐकला नाही. पाळलेले जनावर उपासमार होईल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि हालचालही करता येणार नाही एवढ्या आखूड जागेत कोंडणे किंवा तासन्‌तास आखूड साखळीला बांधणे हाही. पण दिवसभर घरी कोणी नाही, ही अडचण पेटीने सुटत नव्हती. घरात कुणीच नसेल तर पिल्लू आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे निभावले ते मावशींमुळेच. मी त्यांना नाक दाखवले, किल्ली दिली. आता दुपारी बारा आणि तीन वाजता त्याच येऊन त्याला बाहेर काढतात, आणि भाकरीचा तुकडा टाकतात तो वेगळा.