एक ओटा, तीन कुत्री

कळवण तालुक्यात वस्तीवरच्या घराला, कांद्याच्या चाळीला राखण म्हणून कुत्रे लागतेच. एक असते, दुसरे येते, तिसरे पिल्लू मुले उचलून आणतात. मग ओट्यावर रोजची भांडणे! पण आम्ही नीट पाहिले, तर लहान चणीची ही कुत्री उगाच भांडत नाहीत. भांडण असते भाकरीवरून, जागेवरून, नाहीतर घरधन्याच्या मायेवरून.

म्हणून माताभगिनींनो, प्रत्येकाचे भांडे वेगळे आणि लांब ठेवा. एकच तुकडा मध्ये फेकून गंमत पाहू नका. पिल्लू २ महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका. दात किती जोरात लावायचे, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. नव्याची जुन्याशी ओळख घराबाहेर मोकळ्या जागेत करून द्या. जुने गुरगुरले तर काठी उगारू नका. गुरगुरणे हा इशारा असतो. तो मारून बंद केला, तर कुत्रे न सांगता चावते.

भांडण जुंपलेच तर पाणी ओता, हात घालू नका. मुलांना हे आधीच शिकवा, कारण चावा सोडवणाऱ्यालाच बसतो. दात लागला तर 'घरचेच कुत्रे' म्हणून सोडून देऊ नका, हळद-मिरची भरू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. पिल्लू ३ महिन्यांचे झाले की त्यालाही लस टोचून घ्या.