भाड्याची अवजारे

सुताराने करवत विकत आणली की ती त्याची झाली. धार बोथट झाली तर तो कानसीने लावून घेतो, मूठ सैल झाली तर बदलतो, आणि म्हातारपणी तीच करवत मुलाच्या हाती देतो. विकणाऱ्या दुकानदाराचा पुढच्या कशाशीही संबंध उरत नाही. व्यापारी घराण्यांना हा व्यवहार नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. तराजू, तिजोरी, गल्ला आणि दुकानाची फळी यांच्याबाबत पिढ्यान् पिढ्या हाच हिशेब चालत आला आहे. रेखाटनकारांची, छायाचित्रकारांची आणि छापखान्यांची अवजारे संगणकात गेली, तेव्हाही प्रारंभी हाच नियम होता. तो एका घोषणेने बदलला.

६ मे २०१३ रोजी लॉस एंजेलिस येथे भरलेल्या आपल्या मेळाव्यात ॲडोबी कंपनीने जाहीर केले की, फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन इत्यादींचा 'क्रिएटिव्ह सूट' हा संच यापुढे नव्या आवृत्तीत निघणार नाही. आदल्या वर्षी आलेली सहावी आवृत्तीच शेवटची. पुढील सर्व सुधारणा केवळ 'क्रिएटिव्ह क्लाउड' या नावाने, वर्गणी भरणाऱ्यांनाच मिळतील. वर्गणीची सोय एक वर्ष आधीच सुरू झालेली होती. तेव्हा कोणी फारशी तक्रार केली नाही. संताप उसळला तो विकत घेण्याचे दार बंद झाले म्हणून. निषेधाच्या ऑनलाइन अर्जावर हजारो ग्राहकांनी सह्या केल्या. यांतले बरेच जण कंपनीचे जुने, इमानी ग्राहक होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

कंपनीचे स्थानही लहानसहान नव्हते. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ती स्थापन केली आणि त्यांच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेमुळे संगणकावरील पान छपाईयंत्रावर जसेच्या तसे उमटू लागले. १९९० मध्ये नोल बंधूंचे फोटोशॉप आले. १९८५ साली पेजमेकर काढणारी ऑल्डस ही कंपनी १९९४ मध्ये ॲडोबीत विलीन झाली. महाराष्ट्रातील छापखान्यांतून खिळे जुळवणारा कंपोझिटर गेला आणि डीटीपी करणारा मुलगा आला, तो याच पेजमेकरच्या व कोरलड्रॉच्या आधाराने. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ सालची आणि तीच अखेरची. तरीही मराठी लग्नपत्रिका, हस्तपत्रके, संस्थांचे अहवाल त्यानंतर कित्येक वर्षे त्यावरच जुळवले गेले. कंपनीने ज्याचा अंत्यविधी उरकला होता, ते सॉफ्टवेअर गल्लीबोळांतील छापखान्यांत सुखाने नांदत होते. मालकी म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. त्यांतल्या किती प्रती रीतसर विकत घेतलेल्या होत्या, हा प्रश्न वेगळा आणि तो विचारलेला कोणालाच आवडत नाही.

आता आकड्यांकडे वळावे. अमेरिकेत सहाव्या आवृत्तीच्या संपूर्ण संचाची, म्हणजे 'मास्टर कलेक्शन'ची किंमत २,५९९ डॉलर होती. वर्षभराचा करार केल्यास वर्गणी महिन्याला ४९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ६०० डॉलर. संपूर्ण संच प्रथमच घेणाऱ्याला चार वर्षांहून अधिक काळ वर्गणी स्वस्तच पडत होती. एकदम मोठी रक्कम गुंतवण्याची ऐपत नसलेल्या होतकरू मुलाला किंवा तीन महिन्यांच्या एखाद्या कामापुरती गरज असलेल्याला ही सोय खरोखरच उपकारक होती. परंतु फोटोशॉप एवढेच वापरणाऱ्या जुन्या ग्राहकाचे गणित पाहावे. त्याने मूळ प्रत ६९९ डॉलरला कधीच घेतलेली. नवी आवृत्ती आली की १९९ डॉलर भरून तो ती सुधारून घेई, आणि दोन वर्षांतून एकदा सुधारणा घेतली तर वार्षिक खर्च शंभर डॉलरच्या आसपास राही. एका सॉफ्टवेअरची वर्गणी महिन्याला १९.९९ डॉलर म्हणजे वर्षाला सुमारे २४० डॉलर. खर्च दुपटीहून अधिक झाला. आणि पूर्वी धंदा मंदीत असेल त्या वर्षी सुधारणा टाळता येत होती, ती मुभाही गेली. मंदीच्या वर्षात कोणता खर्च पुढे ढकलता येतो, हे ज्याने दुकान चालवले आहे त्यालाच कळते.

छायाचित्रकारांचा आरडाओरडा सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी फोटोशॉप आणि लाइटरूम मिळून महिन्याला ९.९९ डॉलरची योजना आली आणि तो बराचसा शमला. लाइटरूम तेवढे विकत मिळत राहिले होते. २०१७ मध्ये तेही थांबणार असे जाहीर झाले.

कंपनीने हे का केले, याचे उत्तर तिच्या ताळेबंदात सापडते. पेटीबंद विक्रीत आवृत्ती आली त्या वर्षी रोकड भरपूर येते आणि पुढच्या वर्षी आटते. शिवाय जुनी आवृत्ती पुरेशी चांगली असेल तर ग्राहक नवी घेतच नाही; म्हणजे कंपनीचा खरा प्रतिस्पर्धी तिचाच जुना माल. वर्गणीमुळे उत्पन्न व्याजासारखे महिन्याच्या महिन्याला ठरलेले येते. मात्र संक्रमणाच्या काळात आकडे खाली जातात, कारण जी रक्कम एकदम जमा होत होती ती आता तुकड्यातुकड्यांनी जमा होते. ॲडोबीचा निव्वळ नफा २०१२ मध्ये ८३ कोटी डॉलरच्या घरात होता, तो २०१३ मध्ये २९ कोटींवर आला. हैदराबादेत जन्मलेले शंतनू नारायण तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. एवढी घसरण डोळ्यांदेखत सोसून निर्णयावर ठाम राहणे हे धाडसच म्हणावे लागेल. २०१३ ची सुमारे ४०५ कोटी डॉलरची विक्री दहा वर्षांत १,९४१ कोटींवर पोहोचली. भागधारकाच्या दृष्टीने हा निर्णय अचूक ठरला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. मे २०१४ मध्ये कंपनीची प्रवेशयंत्रणा एक दिवसाहून अधिक काळ बंद पडली आणि पैसे भरलेल्या अनेकांना स्वतःच्याच संगणकावरील अवजारांपर्यंत पोहोचता येईना. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील ग्राहकांची खाती बंद करण्याची सूचना कंपनीने दिली. त्याच महिन्यात सरकारी परवाना मिळून ती मागे घेतली गेली. पण दूर देशातील एका आदेशाने आपल्या टेबलावरचे अवजार थांबू शकते, हे त्या काही आठवड्यांत सर्वांना दिसून आले. २०२२ च्या अखेरीस पॅन्टोन कंपनीचे बहुतेक रंगसंग्रह ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधून काढले गेले. ज्या जुन्या फाइलींमध्ये ते रंग वापरलेले होते, त्या उघडताच रंगाच्या जागी काळे दिसू लागले; पूर्ववत हवे असतील तर पॅन्टोनची वेगळी वर्गणी. मिठाईच्या खोक्याचा किंवा साडीच्या वेष्टनाचा ठरावीक केशरी रंग हीच ज्याची ओळख, त्या व्यापाऱ्याला या गोष्टीचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

वर्गणी सोडू म्हटले तरी ती सहज सुटत नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने ॲडोबीविरुद्ध दावा दाखल केला. आरोप असा की, 'वार्षिक करार, मासिक हप्ता' या योजनेत मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम द्यावी लागते, ही अट ग्राहकाला ठळकपणे दाखवली जात नव्हती आणि रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली होती. कंपनीने आरोप फेटाळले. महिन्याचा छोटा आकडा पाहून सही करणारा ग्राहक प्रत्यक्षात बारा महिन्यांचे देणे अंगावर घेतो. आवळा देऊन कोहळा काढणे, ही म्हण व्यापाराच्याच अनुभवातून आली असावी.

याबाबतीत भारतीय ग्राहकाला एक संरक्षण आहे, ते अनेकांना ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड अथवा यूपीआयवरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळाली पाहिजे आणि ती वजावट नाकारण्याची सोयही असली पाहिजे. बँकेच्या ॲपमध्ये असे चालू आदेश एकत्र पाहता येतात. मात्र वजावटीचा आदेश रद्द केला म्हणजे मूळ करार संपला, असे नव्हे. कराराखालील देणे मागण्याचा विक्रेत्याचा हक्क शिल्लक राहू शकतो.

हिशेबतपासनिसाला विचारले तर तो वर्गणीच्या बाजूने एक मुद्दा मांडील. विकत घेतलेले सॉफ्टवेअर भांडवली खर्चात जाते आणि त्यावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो; वर्गणी मात्र महसुली खर्च म्हणून त्या वर्षीच पूर्ण वजा होते. मुद्दा बरोबर आहे, पण तो कराच्या वेळेपुरता. करवजावट लवकर मिळाली म्हणून खर्च कमी होत नाही, आणि दहाव्या वर्षी हातात काय उरले या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

मुंबईतील जुन्या पेठांत पागडीच्या गाळ्यात बसणारा दुकानदार आणि अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर बसणारा दुकानदार यांच्यातील फरक येथे आठवावा. धंदा दोघेही करतात. पण दुसऱ्याला दर अकरा महिन्यांनी नवा आकडा ऐकावा लागतो, आणि त्याचे गिऱ्हाईक त्या जागेशी बांधले गेले असेल तर नकार देणे त्याला परवडत नाही. डिझायनरचे गिऱ्हाईक जागेशी नसते, ते फाइलीत असते. वीस वर्षांचे काम ज्या नमुन्याच्या फाइलीत साठले आहे, ती फाइल नीट उघडणारे अवजार एकाच्याच हाती असेल, तर नाक दाबून तोंड उघडायला कितीसा वेळ लागणार? वास्तुविशारदांचीही हीच तक्रार होती. ऑटोडेस्कने २०१६ पासून ऑटोकॅडसह आपल्या सॉफ्टवेअरचे कायम परवाने विकणे थांबवले. २०२० मध्ये झाहा हदीद यांनी स्थापन केलेल्या संस्थेसह ब्रिटनमधील अनेक नामांकित वास्तुविशारद संस्थांनी कंपनीच्या प्रमुखांना खुले पत्र लिहून रेव्हिट या सॉफ्टवेअरचा वाढता खर्च आणि मंदावलेली सुधारणा यांवर जाहीर नाराजी व्यक्त केली.

वर्गणी आणि मालकी यांचा मेळ घालताच येत नाही, असेही नाही. आपल्याकडील बहुतेक पेढ्यांत असलेले टॅली हे त्याचे उदाहरण. कायम परवाना एकदा घ्यावा. सुधारणा व जोडसेवा हव्या असतील तर वार्षिक टीएसएस भरावे. न भरल्यास आहे ती आवृत्ती चालू राहते आणि खातेवह्या उघडतात. ॲडोबीच्या नाराज ग्राहकांची मागणी याहून जास्त नव्हती. तिचा लाभ इंग्लंडमधील सेरिफ कंपनीने उठवला. २०१४ पासून तिने 'ॲफिनिटी' या नावाने एकरकमी किमतीची सॉफ्टवेअरे काढली आणि वर्गणी नको असलेले कित्येक जण तिकडे गेले. पुढे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने ती कंपनी घेतली, तेव्हा आता येथेही वर्गणी येणार, या धास्तीने ग्राहक हवालदिल झाले. २०२५ मध्ये कॅनव्हाने ॲफिनिटी चक्क फुकट केले, केवळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी पैसे ठेवले. फुकट मिळालेल्या मालाकडे व्यापारी जरा संशयानेच पाहतो, आणि येथे तो संशय अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. पण तूर्त तरी ग्राहकाचा फायदा झाला आहे. इंकस्केप, गिंप यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे तर आधीपासूनच आहेत.

स्वतः डिझाइन न करणाऱ्या पेढीलाही या प्रकरणाशी कर्तव्य आहे. मालाचे लेबल, खोके, पिशवी, नाममुद्रा यांच्या मूळ फाइली सहसा डिझायनरकडे पडून असतात. त्याने वर्गणी थांबवली, व्यवसाय बदलला किंवा संगणक बिघडला, तर मालकाच्या हाती छापील नमुन्याखेरीज काही राहत नाही. यावर उपाय ॲडोबीनेच निर्माण करून ठेवला आहे, हे विशेष. १९९३ मध्ये तिने काढलेली पीडीएफ ही पद्धत २००८ मध्ये खुले आंतरराष्ट्रीय मानक झाली; ती उघडण्यासाठी कोणाचीही वर्गणी लागत नाही. म्हणून प्रत्येक कामाची सीडीआर अथवा एआय फाइल घेतानाच, अक्षरे कर्व्ह केलेली छपाईयोग्य पीडीएफ आणि रंगांचे सीएमवायके आकडे लेखी मागून घ्यावेत, आणि ती फाइल पेढीच्या स्वतःच्या संगणकावर ठेवावी. दिवाळीच्या खोक्यांचे काम देताना ही अट घालणे सोपे असते. बिल चुकते झाल्यावर जुनी फाइल शोधायला डिझायनरला सवड मिळत नाही.