स्टेशनावरील जुना कांटा

मालधक्क्यावरील जुना लोखंडी कांटा म्हणजे केवळ मोडींत घालावयाची वस्तु, अशी समजूत आज सर्वत्र दिसते. आम्हांस ती मान्य नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग खुला झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा येथील माल दूरच्या पेठांस जाऊं लागला. त्या काळीं मण गांवोगांव निराळा असे. रेल्वेचा मण मात्र ४० शेरांचा, म्हणजे सुमारें ३७.३२ किलोचा, ठरलेला होता. १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं आणि तो मण व्यवहारांतून गेला.

अशा कांट्याची कल्पना मुळांत शेतमालासाठींच निघाली. अमेरिकेंतील थॅडियस फेअरबँक्स यांनीं वाखाच्या गाड्या तोलण्यासाठीं तो रचून १८३१ सालीं त्याचें पेटंट घेतलें. फळीखालच्या तरफा पोलादी धारांवर टेकलेल्या असतात. म्हणून दांडीवरील लहानसें वजन अनेकपट भार तोलून धरितें. धारा झिजल्या किंवा फळीखालीं खडा अडकला तर तोल चुके, आणि लबाडीही होत असे. परंतु दांडी आडवी झाली कीं नाहीं, हें माल देणाऱ्यासही दिसे. आजच्या विजेच्या कांट्यावर नुसता आंकडा उमटतो. तो कसा आला हें दिसत नाहीं. कापूस वा सोयाबीन घालणाऱ्यानें मग तो आंकडा मुकाट्यानें मानावा काय?

आमच्या मतें मुळींच नाहीं. कांटा जुना असो वा नवा, परीक्षा एकच. रिकाम्या कांट्यानें शून्य दाखविलें पाहिजे. शिक्क्याचें ज्ञात वजन चारही कोपऱ्यांवर ठेविलें असतां आंकडा बदलूं नये. भुईकांट्यावर भरलेली गाडी पुढें व मागें उभी करून दोन्ही वजनें ताडून पाहावीं. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याखालील नियमांप्रमाणें विजेच्या कांट्याची दर बारा महिन्यांनीं पडताळणी होऊन त्यावर शिक्का पडावा लागतो. त्याचा दाखला मागण्यांत कसलाही संकोच नको.

म्हणून आमची सूचना अशी कीं, जेथें जुना कांटा उरला असेल तेथें तो भंगारांत न देतां बाजाराच्या आवारांत मांडावा, आणि त्याच्या शेजारीं शिक्क्याचीं वजनें सर्वांस खुलीं ठेवावीं. तोल म्हणजे काय, हें तरुण शेतकऱ्यांस त्या दांडीवर डोळ्यांनीं पाहतां येईल. वर्षभराच्या श्रमाचें मोल जेथें ठरतें, तेथें शेतकऱ्यानें पाठ फिरवून उभें राहूं नये.