जादा टोमॅटो: आधी गर, मग बाकीचे

मनोर, पालघर, बोईसर या पट्ट्यात टोमॅटोचा हंगाम भाताच्या मागून येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खाचरे मोकळी होतात, विहिरीच्या पाण्यावर परसात आणि बांधालगत रोपे लागतात आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत फळ एकदम अंगावर येते. पंधरा-वीस झाडांची परसबागही या दिवसांत घराच्या गरजेपेक्षा जास्त टोमॅटो देते. बाजारातही तेव्हा माल भरपूर असतो, त्यामुळे चार-पाच किलो घेऊन मनोरला गेल्यास गाडीभाडे सुटणे कठीण. पुढे पावसाळ्यात मात्र इथल्या मुसळधारेत हे पीक तग धरत नाही आणि टोमॅटो विकत आणावा लागतो. मे 2023 मध्ये भाव नाही म्हणून नाशिक भागातील शेतकऱ्यांनी टोमॅटो फेकून दिले, आणि त्याच वर्षी जुलैत अनेक शहरांत किलोचा दर 100 रुपयांच्या पुढे गेला. तेव्हा फेब्रुवारीचा टोमॅटो जुलैच्या आमटीपर्यंत पोहोचवणे हे गृहविज्ञान शिकवणाऱ्यांचे आणि बचत गटांच्या प्रशिक्षकांचे खरे काम आहे.

प्रशिक्षण वर्गांत बहुधा पहिला पदार्थ केचप असतो. हा क्रम बदलायला हवा. नियमानुसार केचपमध्ये एकूण विद्राव्य घटक किमान 25 टक्के आणि आम्लता किमान 1 टक्का लागते. टोमॅटोत पाणीच 94-95 टक्के असते, म्हणून उरलेली भर साखर आणि व्हिनेगर घालून केली जाते. साखर, व्हिनेगर, मसाला आणि गॅस यांचा खर्च करून तयार झालेली बाटली घरात भज्यांबरोबर तेवढी उघडते, आणि बाजारात तिची गाठ मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त मालाशी पडते. साधा गर मात्र सार, आमटी, रस्सा, पावभाजी अशा कशातही जातो. त्याला साखर लागत नाही, आणि महामार्गावरच्या ढाब्यांना व बोईसर-तारापूरच्या खानावळींना पावसाळ्यात रोज हवी असते ती हीच वस्तू.

गर चांगला होण्याची सुरुवात निवडीपासून होते. पूर्ण पिकलेले पण घट्ट फळ बाटलीसाठी ठेवावे. फुटलेले, मऊ पडलेले फळ त्याच दिवशी चटणीत किंवा भरतात संपवावे. बुरशीचा डाग कापून उरलेला भाग बाटलीत भरण्याची सवय घातक आहे, कारण बुरशी फळाची आम्लता कमी करते. कोकणात मर रोगाने हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत माना टाकते. अशा मेलेल्या झाडावरची फळेही साठवणीत घेऊ नयेत.

दाट गराचे मर्म चिरण्यापासून उकळी येईपर्यंतच्या काही मिनिटांत असते. टोमॅटो चिरल्याबरोबर त्यातील विकर गराला दाटपणा देणाऱ्या पेक्टिनचे विघटन करू लागतात. चिरलेल्या फोडी परातीत तासभर पडून राहिल्या तर गर कितीही आटवला तरी पातळ वाटतो आणि बाटलीत गर एकीकडे, पिवळसर पाणी एकीकडे होते. उपाय सोपा आहे. स्टीलचे पातेले आधी तापवावे, मूठभर टोमॅटोच्या फोडी त्यात टाकून लगेच ठेचून उकळी आणावी आणि उकळी मोडू न देता बाकीचे टोमॅटो चिरत-चिरत थोडे थोडे सोडत जावे. उष्णतेने विकर निकामी होतात आणि गर एकजीव राहतो. पितळ-तांब्याचे बिनकल्हईचे भांडे आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातेले टाळावे. मग चाळणीतून साल-बी काढून गर निम्म्यावर आटवावा. 10 किलो टोमॅटोपासून साधारण साडेचार-पाच किलो गर मिळतो आणि प्युरीसाठी लागणारे 9 टक्के विद्राव्य घटक त्यात येतात. राहुरीच्या भाग्यश्री वाणासारखे गराळ, कमी बियांचे फळ असेल तर गॅस वाचतो.

यानंतरची पायरी सर्वांत कमी शिकवली जाते. टोमॅटोचा सामू (pH) 4.0 ते 4.6 च्या आसपास असतो. फार पिकलेल्या फळात तो त्याही वर जातो. 4.6 च्या वर हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते चवीने किंवा वासाने ओळखू येईलच असे नाही. म्हणून दर अर्ध्या लिटर गराला सपाट पाव चहाचा चमचा लिंबूसत्व बाटलीतच घालावे. लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, त्यामुळे लिंबूसत्व जास्त भरवशाचे. कांदा, लसूण, मिरची या गरात घालू नये. ते आम्लता कमी करतात आणि फोडणीत नंतर घालता येतातच. उकळता गर वर बोटभर जागा सोडून जाड काचेच्या बाटलीत भरावा, नवे झाकण लावावे, आणि तळाला फडके घातलेल्या पातेल्यात बाटल्या झाकणावर इंचभर पाणी राहील अशा बुडवून पाणी उकळू लागल्यापासून 35 मिनिटे उकळाव्यात. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक ही या उकळण्याची बदली नव्हे. फुगलेले झाकण किंवा फेस दिसला तर चव न पाहता बाटली फेकावी. फ्रीजरमध्ये गर ठेवणे सोपे असते, पण पावसाळ्यात वीज जाणाऱ्या पाड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

वाळवण हा दुसरा मार्ग. मार्चचे ऊन सातपाटीच्या किनाऱ्यावर मासळी वाळवते, तसे ते टोमॅटोच्या पातळ चकत्याही वाळवते; मात्र संध्याकाळच्या दमट वाऱ्याआधी त्या आत घ्याव्या लागतात. सौर वाळवणयंत्र असेल तर धूळ-माश्यांचा त्रास वाचतो. 10 किलोचे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम होतात. चकती वाकवल्यावर तुटेल इतकी कोरडी हवी. पूड एकदम करून ठेवण्यापेक्षा चकत्या घट्ट डब्यात ठेवून लागेल तशी पूड करणे चांगले, कारण जूनच्या हवेत पुडीचे गोळे होतात.

मार्च संपता संपता एक वेगळी अडचण येते. तापमान 30 अंशांच्या वर राहिले की फळातील लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही आणि झाडावर ठेवलेला टोमॅटो पिवळट-केशरी राहतो. टोकाशी गुलाबी छटा दिसताच फळ तोडून घरातल्या थंड, सावलीच्या कोपऱ्यात कागदावर पसरले तर रंग चांगला येतो. अशी कच्ची फळे फ्रीजमध्ये ठेवू नयेत. ती पिकायची थांबतात आणि चव जाते. झाडे उपटताना उरलेले हिरवे टोमॅटो तर चटणीचाच माल: तेलात मिरची-लसणीसह परतून, भाजलेले शेंगदाणे व तीळ घालून जाडसर वाटायचे. ही चटणी फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. ती बाटलीत भरून विकण्याचा मोह गटांनी टाळावा, कारण शेंगदाणे, लसूण आणि तेल एकत्र आले की उकळत्या पाण्याचा उपाय पुरत नाही.